फ्रीजचा आइस मेकर बर्फ देत नाहीये? आधी पाणी कुठे अडलंय ते बघा

साइड बाय साइड फ्रीज घेतला, दारातून बर्फ पडतो म्हणून चार पैसे जास्त मोजले आणि ऐन एप्रिलमध्ये पाहुणे आल्यावर ग्लास लावला की आतून नुसता घर्रघर्र आवाज येतो, बर्फाचा पत्ता नाही. मग लोक लगेच कंपनीत कंप्लेंट टाकतात, माणूस येतो, व्हिजिटचे पैसे घेतो, मागचा कॉक उघडतो आणि जातो. हे टाळता येतं. आइस मेकर म्हणजे फार अवघड मशीन नाहीये, त्याला वेळेवर पुरेसं पाणी आणि पुरेशी थंडी एवढंच लागतं, त्यामुळे मोटर, सर्किट वगैरे शब्द उच्चारायच्या आधी पाणी आणि थंडी हे दोन तपासायचे आणि तेही नळापासून सुरू करून एकेक टप्पा पुढे जात. नवीन फ्रीजवाल्यांसाठी तोच क्रम इथे लिहितोय.

तुमच्याकडे कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा

आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. पहिला साधा, ट्रेमध्ये आपण पाणी ओतायचं आणि ट्रेची मूठ फिरवली की बर्फ खालच्या डब्यात पडतो, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, ट्रेला बारीक तडा गेला तर बदलायची. दुसरा टाकीवाला, फ्रीजच्या कप्प्यात पाण्याची छोटी टाकी असते, ती आपण भरायची आणि आतला लहान पंप पाणी आइस मेकरला देतो. तिसरा प्लंबिंगवाला, मागून पाव इंची पांढरा पाईप थेट घरातल्या पाण्याच्या लाइनला जोडलेला असतो. सगळ्यात जास्त तक्रारी या तिसऱ्याच्या, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्यावर आहे. टाकीवाल्यांनी फक्त एवढं बघा की टाकी रिकामी नाही ना, आणि शेवटपर्यंत आत सरकवून नीट बसलीये ना, कारण ती जराशी पुढे राहिली तरी पाणी ओढलं जात नाही.

आत नक्की काय होतं

हे समजलं की अर्धं काम झालं. कॉकमधून पाणी पाईपने फिल्टरमध्ये, तिथून फ्रीजच्या मागच्या इनलेट व्हॉल्व्हला येतं. हा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो, काही सेकंदच, आणि तेवढ्यात एका बारीक नळीतून पाणी वरच्या साच्यात पडतं. साच्यापाशी तापमानाचा सेन्सर असतो, पाणी गोठून साचा शून्याच्या बराच खाली गेला की तो सांगतो बर्फ झाला. मग प्लास्टिकची ट्रे असेल तर मोटर ती उलटी करून पिळते, धातूचा साचा असेल तर खालचा हीटर थोडा वेळ गरम होऊन बर्फ सुटा करतो आणि फिरणारे दांडे तो डब्यात ढकलतात. डबा भरला की एक तारेचा किंवा प्लास्टिकचा आर्म वरच अडकतो, काही मॉडेलमध्ये प्रकाशाचा सेन्सर असतो, आणि मशीन थांबतं. एका फेरीला साधारण दीड ते तीन तास लागतात आणि एका फेरीत आठ-दहा खडेच होतात, म्हणजे संध्याकाळी वीस माणसं येणार असतील तर बर्फ आदल्या दिवसापासून साठवायचा, ऐनवेळी मशीनकडून अपेक्षा ठेवायची नाही.

नवीन फ्रीज लावल्यावर पहिला बर्फ यायला २४ तास लागू शकतात. ही तक्रार नाही, फ्रीजर आधी गार व्हायला हवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ टाकून द्या, नवीन पाईपचा वास आणि फिल्टरची काळी पूड त्यात येते.

पहिलं काम: मशीन चालू आहे का

हसू नका, खूप वेळा हेच असतं. पॅनेलवर आइस ऑफ किंवा आइस लॉक असा दिवा लागलेला असतो, पुसताना बोट लागतं किंवा लहान मुलं दाबतात. तारेचा आर्म असेल तर तो वर उचलून ठेवला की मशीन बंद, खाली सोडला की चालू. आइस्क्रीमचा डबा किंवा मटारची पिशवी त्या आर्मखाली किंवा सेन्सरसमोर आली तरी मशीनला वाटतं डबा भरला. बर्फाचा डबा काढून साफ केल्यावर पूर्ण आत न गेल्यानेही दारातून बर्फ पडत नाही.

दुसरं: फ्रीजर किती गार आहे

फ्रीजर उणे १८ अंशांवर हवा. पॅनेलवर दिसतो तो आपण सेट केलेला आकडा असू शकतो, खरा आकडा बघायला साधा फ्रीजर थर्मामीटर घ्या आणि रात्रभर आत ठेवा. उणे १२ च्या आसपास असेल तर बर्फ होईल पण फार हळू, आणि काही मशीनमध्ये सेन्सर फेरी पुढेच नेणार नाही. थंडी कमी असण्याची घरगुती कारणं बघा: दाराचं रबर सैल झालंय (कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर रबर धरत नाहीये), आतल्या हवेच्या जाळीसमोर सामान ठासून भरलंय, फ्रीज भिंतीला चिकटवलाय, मागे हवा खेळत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे स्वयंपाकघर दुपारी किती तापतं ते सांगायला नको, त्यात दर पाच मिनिटांनी दार उघडलं तर बर्फ कमी होणारच.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाण्याचं प्रेशर

इथे जरा थांबा, कारण आपल्याकडच्या निम्म्या भानगडी इथेच आहेत आणि बसवायला आलेला माणूसही हे नेहमी सांगत नाही. बहुतेक प्लंबिंगवाल्या फ्रीजना किमान २० पीएसआय (दाब मोजायचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) आणि जास्तीत जास्त १२० पीएसआय प्रेशर लागतं. आता हिशोब करा. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण १४ पीएसआय. म्हणजे २० पीएसआय हवं असेल तर गच्चीवरची टाकी तुमच्या फ्रीजपासून जवळपास १४ मीटर वर पाहिजे, म्हणजे एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर तुम्ही टाकीच्या खाली साधारण पाच मजले असायला हवेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर टाकी जेमतेम चार-पाच मीटर असते, सहा-सात पीएसआय मिळतं, तेवढ्यात नळाला भरपूर धार दिसते, आंघोळ व्यवस्थित होते आणि तरी आइस मेकरला पाणी पुरत नाही. मग लोक म्हणतात नळाला पाणी आहे ना! नळाला आहे हो, पण नळाचं तोंड मोठं असतं आणि इथे बारीक पाईप, फिल्टर, व्हॉल्व्ह यातून काही सेकंदात पाणी जायचंय.

प्रेशर कमी असल्याची खूण सोपी आहे. खडे लहान होतात, पोकळ होतात, किंवा निम्मेच साचे भरतात. दुसरी खूण कमी लोकांना माहीत असते, हे व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायलाही पाण्याचा दाब लागतो, दाब नसला तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, थेंब थेंब पाणी झिरपत राहतं आणि ते बारीक नळीच्या तोंडाशीच गोठतं. नळी गोठून बंद होते, मग पाणी येणंच बंद, आणि आपण व्हॉल्व्ह बदलत बसतो. तीन महिन्यांत परत तेच.

तपासायचं कसं? दारातून पाणीही येत असेल तर मापाचा कप घ्या आणि दहा सेकंद पाणी धरा. पाऊण कप, म्हणजे साधारण १७०-१८० मिली आलं तर ठीक, निम्मं आलं तर प्रेशर किंवा फिल्टर यातलं काहीतरी आहे. उपाय म्हणजे लाइनवर छोटा बूस्टर पंप, प्रेशर स्विचसकट, म्हणजे फ्रीजने पाणी मागितलं की तो आपोआप चालू होतो. प्लंबरला पीएसआयमध्येच सांगा, नुसतं प्रेशर वाढवा म्हणू नका. उलट उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर दाब जास्त असतो, तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागू शकतो, नाहीतर जॉइंट सुटून रात्रीत स्वयंपाकघरात तळं होतं.

आरओला जोडलाय? मग हे वाचाच

खूप घरांत फ्रीजचा पाईप सरळ भिंतीवरच्या आरओला जोडलेला असतो, पाणी शुद्ध पाहिजे म्हणून. विचार बरोबर आहे, जोडणी चुकते. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती प्युरिफायरची टाकी साधी असते, तिच्यातलं पाणी फक्त उंचीने खाली येतं, दाब जवळजवळ नसतोच. तिथून फ्रीजला पाणी पोचत नाही, पोचलं तरी साचा भरत नाही. आरओचं पाणी द्यायचं असेल तर आरओच्या टाकीनंतर आणि फ्रीजच्या आधी पंप हवाच.

आणि आरओ लावावा का? बोअरिंगचं पाणी असेल तर माझं मत स्पष्ट हो आहे. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याची टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, दुसरा कुठला स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्रीजसोबत येणारा फिल्टर कार्बनचा असतो, तो क्लोरीन, वास, गाळ पकडतो, क्षार कमी करत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण दुकानात फिल्टर आहे ना आतमध्ये असं सांगून वेळ मारून नेतात. खारं पाणी दिलं तर व्हॉल्व्हच्या जाळीवर आणि साच्यावर पांढरा थर बसतो, बर्फ साच्याला चिकटतो, पिळताना तुटतो, आणि ग्लासात बर्फ विरघळला की तळाशी पांढरे कण दिसतात. महापालिकेचं गोड पाणी असेल तर साधा सेडिमेंट फिल्टर (गाळ पकडणारा) आणि कार्बन फिल्टर पुरतो. पावसाळ्यात जूनच्या शेवटी गढूळ पाणी आलं की सेडिमेंट फिल्टर एकदा उघडून बघा, तेव्हाच तो तुंबतो.

फिल्टर

साधारण सहा महिन्यांनी बदलायचा, पाणी खराब असेल तर आधी. पॅनेलवरचा फिल्टरचा दिवा बहुतेक वेळा दिवस किंवा पाणी मोजून लागतो, फिल्टर खरोखर किती तुंबलाय ते त्याला कळत नसतं, त्यामुळे धार बारीक झाली तर दिव्याची वाट बघू नका. संशय असेल तर एक सोपी युक्ती, ज्या मॉडेलमध्ये फिल्टरच्या जागी लावायची टोपी मिळते ती लावून बघा, पाणी जोरात आलं तर दोषी फिल्टरच. बाहेर मागच्या पाईपवर लावायचा फिल्टर असेल तर त्यावर बाण असतो, बाण फ्रीजच्या दिशेला हवा, उलटा लावलेला मी खूप ठिकाणी बघितलाय. नवीन लावला की दहा-बारा लिटर पाणी वाहू द्या, काळी पूड निघून जाते. ते पाणी झाडांना घाला.

नळी गोठली असेल तर

बर्फ अचानक पूर्ण बंद, पण दारातून पाणी मात्र छान येतंय, असं असेल तर साच्यावरची बारीक नळी गोठल्याचा संशय घ्या. फ्रीजचं प्लग काढा, मागचा कॉक बंद करा, खाली टॉवेल अंथरा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं नळीभोवती धरा, किंवा औषधाच्या सिरिंजने, सुई काढून, कोमट पाणी थोडं थोडं नळीच्या तोंडाशी सोडा. वितळायला वेळ लागतो, धीर धरा.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, गरम लोखंडी सळी काही वापरू नका, प्लीज. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६०० ए म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, टोचून पाईप फुटला तर नुसता फ्रीज जात नाही, धोका होतो. मेणबत्ती, लायटर, हीट गन यांचं तर नावच काढू नका.

नळी मोकळी झाली आणि आठवडाभरात परत गोठली, तर व्हॉल्व्ह झिरपतोय किंवा प्रेशर कमी आहे, वरचा भाग परत वाचा.

बर्फ होतोय पण पडत नाही

डबा काढून बघा, आत एक मोठा गठ्ठा झाला असेल. दार सारखं उघडणं, सैल रबर, किंवा बर्फ आठवडेच्या आठवडे न वापरणं, यानं खडे एकमेकांना चिकटतात. लाइट गेल्यावर तर हमखास होतं: चार-सहा तास वीज नव्हती, बर्फ अर्धवट वितळला, वीज आली, परत गोठला, आणि डब्यातला, बर्फ पुढे ढकलणारा स्क्रू त्या गठ्ठ्यात अडकला. त्या अवस्थेत दारातून बर्फ मागत राहिलात तर मोटरवर ताण येतो. डबा काढायचा, सिंकमध्ये गठ्ठा वितळू द्यायचा, डबा पूर्ण कोरडा करूनच परत लावायचा, ओला लावला तर तोच चिकटून बसतो. ज्या गावात वीज सारखी जाते तिथे मोठा भारनियमनाचा दिवस माहीत असेल तर आधीच डबा रिकामा करून बर्फ आइस बॉक्समध्ये भरून ठेवा.

खडे साखळीसारखे जोडलेले येत असतील तर साच्यात पाणी जास्त जातंय किंवा फ्रीज एका बाजूला कललाय. स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, पुढचे पाय फिरवून सरळ करा.

टेस्ट बटण

बहुतेक आइस मेकरला खाली किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढे सेकंद दाबून धरलं की मशीन एक फेरी लगेच चालवतं: ट्रे उलटते, परत सरळ होते, मग पाणी पडतं. तपासायला फार कामाचं आहे. ट्रे फिरली आणि पाणी नाही पडलं, तर दोष पाण्याच्या बाजूला. ट्रे फिरलीच नाही, तर मोटर किंवा सर्किट. मागून व्हॉल्व्हचा गुणगुणल्यासारखा आवाज आला पण पाणी नाही, तर कॉक, पाईपची पिळ किंवा तुंबलेला फिल्टर. हे बटण एकदाच दाबायचं, ट्रेमध्ये पाणी भरलेलं असताना परत दाबलं तर ते सगळं बर्फाच्या डब्यात ओतलं जातं.

साफसफाई आणि वास

बर्फ आपण उकळून खात नाही, आणि गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून बर्फाला पिण्याच्या पाण्याइतकंच जपायला हवं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आला तो याच कारणाने, कारखान्यातला बर्फ सरबताच्या आणि गोळ्याच्या गाडीवर जात होता. घरचा बर्फ म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि डबा वर्षभर धुतलेला नसतो.

महिन्यातून एकदा आइस मेकर बंद करा, बर्फ टाका, डबा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. वासाचा साबण नको, तो वास बर्फात उतरतो. प्लास्टिकच्या ट्रेवर क्षार दिसले तर लिंबूसत्वाच्या पाण्याचं फडकं फिरवा आणि साध्या पाण्याने पुसा. धातूच्या साच्याला मात्र आंबट काही लावू नका, घासणी तर नाहीच, वरचा लेप निघाला की बर्फ सुटत नाही. बर्फाला सुकट, बोंबील, कापलेल्या कांद्याचा वास फार पटकन लागतो, कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको, हवाबंद डबे वापरा. सगळं झाकूनही वास येत असेल तर फिल्टर जुना झालाय.

मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जाताना आइस मेकर बंद, मागचा कॉक बंद, डबा रिकामा. पाण्याचं कनेक्शन बंद ठेवून मशीन चालू ठेवू नका, व्हॉल्व्ह कोरडाच उघडझाप करत राहतो आणि खराब होतो. परत आल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांचा बर्फ फेकून द्या.

मेकॅनिक कधी बोलवायचा

टेस्ट बटणाला काहीच हालचाल नाही, पॅनेलवर एरर कोड येतोय, फ्रीजर उणे १८ पर्यंत जातच नाही, मागे पाणी गळतंय, किंवा फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर जाड बर्फ साचलाय, तर तुमच्या हातातलं काम संपलं. फोन करताना मॉडेल नंबर (दाराच्या आतल्या स्टिकरवर असतो), एरर कोड, थर्मामीटरचा आकडा, दहा सेकंदात किती पाणी आलं आणि टेस्ट बटणाला काय झालं एवढं सांगा. मेकॅनिक मग बरोबर पार्ट घेऊन येतो, दुसरी व्हिजिट वाचते. जुना पार्ट काढला तर तो मागून घ्या आणि नवीन पार्टचं बिल घ्या, पार्टची वॉरंटी त्या बिलावरच मिळते.